बांधाबांध सगळ्यात शेवटी

घर बदलायचं पक्कं झालं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "आवराआवरीला लागायचं कधी?" विचारणाऱ्याच्या डोळ्यांपुढे खोकी असतात, सुतळी असते, चिकटपट्टीची रिळं असतात. त्यामुळे उत्तर ऐकून तो जरा गोंधळतो. खोकी शेवटच्या आठ-दहा दिवसांत भरली तरी चालतात. कामाला मात्र दोन-अडीच महिने आधी लागावं लागतं.

दोन बेडरूमचं भरलेलं घर चार सराईत माणसं दिवसाभरात बांधून ट्रकमध्ये चढवतात. पैसे दिले की ते काम होतं. पण मुलीचा शाळा सोडल्याचा दाखला ती माणसं आणू शकत नाहीत, गॅसची जोडणी हलवू शकत नाहीत, आणि आजींच्या नाव घातलेल्या पितळी डब्यांचं काय करायचं हे तर त्यांना कोणी विचारणारही नाही. वेळ खातात ती ही कामं.

बोलायला सोपं जावं म्हणून उदाहरणादाखल एक कुटुंब घेऊ. नाशिकला गंगापूर रोडवर राहणारं चार माणसांचं घर: नवरा-बायको, सातवी संपवून आठवीत जाणारी मुलगी आणि पंच्याहत्तरीच्या आजी. बदलीमुळे त्यांना पुण्यात कोथरूडला भाड्याच्या घरात जायचं आहे. अंतर सुमारे २१० किलोमीटर, म्हणजे ट्रकला एका दिवसाचा प्रवास.

१. शेवटून मोजा

पुरणपोळीचं जेवण दुपारी एकला वाढायचं असेल तर हरभऱ्याची डाळ सकाळीच शिजायला टाकावी लागते. पोळी तव्यावर पडते ती बाराच्या पुढे. पाहुण्यांना दिसते ती पोळी, पण घड्याळ चालतं ते डाळीच्या हिशेबाने. घर हलवताना खोकी म्हणजे पोळी. डाळ कोणती, ते आधी शोधायचं.

सोपी खूण अशी: जे काम दुसऱ्याच्या हातात आहे ते आधी. शाळा, गॅसचा वितरक, सोसायटी, नवा घरमालक, ट्रकवाला. यांच्यापैकी कोणालाही तुमची घाई नसते. त्यानंतर येतात घरातल्या घरात घ्यायचे निर्णय: काय न्यायचं, काय द्यायचं, काय मोडीत घालायचं. त्यांना तुमच्याशिवाय कोणाची परवानगी लागत नाही, म्हणूनच ते लांबत जातात. नुसते हातपाय चालवायची कामं राहतात शेवटी.

तारीख निवडण्यातही थोडं गणित आहे. भाडेकरार बहुतेक एक तारखेला सुरू होतात, त्यामुळे महिनाअखेरीला सगळं शहर एकदम हलतं आणि ट्रकचे दर चढतात. मे महिन्यात शाळांना सुट्टी, म्हणून तेव्हा आणखी गर्दी. अक्षय्य तृतीया किंवा दसऱ्याला ट्रक मिळणंच अवघड. उलट पितृपंधरवड्यात बरेच लोक घर हलवत नाहीत, त्यामुळे भावही उतरतात आणि माणसंही निवांत असतात. मुहूर्त मानणाऱ्यांनी एक जुनी वाट लक्षात ठेवावी. मुहूर्ताच्या दिवशी घरच्यांनी जाऊन देव आणि कलश ठेवायचा, दूध उतू घालायचं आणि परत यायचं. कपाटं आणि गाद्या मधल्या आठवड्यातल्या एखाद्या मंगळवारी गेल्या तरी मुहूर्ताला काही बाध येत नाही. घरात नऊ-दहा जणांचा गोतावळा आणि दारात ट्रक, असा दिवस ज्यांनी काढला आहे त्यांना यातली सोय पटेल.

जून मात्र टाळता आला तर टाळावा. पुठ्ठा आणि कापूस या दोन गोष्टींना पाऊस अजिबात सोसत नाही, आणि आपलं निम्मं सामान यांच्यातच असतं. आपल्या कुटुंबाने म्हणून २० मे ही तारीख धरली.

२. कागद आधी

भाड्याने राहणाऱ्यांच्या बाबतीत सगळ्या कागदांची आई म्हणजे भाडेकरार, आपल्याकडच्या भाषेत लिव्ह अँड लायसन्स. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार हा करार लेखी असावा लागतो आणि नोंदवावाही लागतो. अकरा महिन्यांचा करार नोंदवायची गरज नाही, ही समजूत महाराष्ट्रात चुकीची आहे. नोंदणीची जबाबदारी कायद्याने घरमालकावर टाकली आहे. करार नोंदवलेला नसेल आणि वाद झाला, तर करारातल्या अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरलं जातं. एखादा घरमालक टाळाटाळ करत असेल तर त्याला हे वाक्य सावकाश वाचून दाखवावं.

खर्च किती? महिना भाडं २५,००० रुपये, परत मिळणारी अनामत १ लाख, मुदत ११ महिने असं धरू. अकरा महिन्यांचं भाडं झालं २,७५,०००. अनामतीवर वर्षाला १० टक्के व्याज गृहीत धरतात. ११ महिन्यांचं ते सुमारे ९,१६७ होतं. बेरीज २,८४,१६७. तिच्यावर ०.२५ टक्के मुद्रांक शुल्क म्हणजे साधारण ७१० रुपये. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,०००. एजंटाने पाच-सहा हजारांचा आकडा सांगितला तर त्यात सरकारचे किती आणि त्याचे स्वतःचे किती, हे आता तुम्हाला विचारता येईल.

हा करार इतका महत्त्वाचा कशासाठी? पुढे शाळा, गॅस, बँक, आधार सगळीकडे नव्या पत्त्याचा पुरावा म्हणून हाच चालतो. तो हातात नसेल तर पुढची माळ ओवलीच जात नाही.

घर विकत घेतलं असेल तर वेगळी काळजी. जुन्या मालकाची वीजबिलाची, मालमत्ता कराची आणि सोसायटीची थकबाकी उरलेली नाही, याची पावती पाहिल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नये.

शाळेचा कागद दुसरा. शाळा सोडल्याचा दाखला मागितल्यावर मुख्याध्यापकांनी तो लगेच द्यावा आणि दाखला यायला उशीर झाला म्हणून नव्या शाळेने प्रवेश अडवू नये, असं २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम ५ सांगतं. सरकारी, पालिकेच्या किंवा अनुदानित शाळेत जाणाऱ्या आठवीपर्यंतच्या मुलांना याचा आधार आहे. विनाअनुदानित शाळांबाबत मात्र आधी जागा आहे का ते पाहावं लागतं आणि मार्च उलटला की जागा संपलेल्या असतात. राज्य मंडळाच्या शाळा जूनच्या मध्यावर उघडतात, विदर्भात उन्हामुळे आणखी उशिरा; केंद्रीय मंडळाच्या अनेक शाळांचं वर्ष एप्रिलमध्येच सुरू होतं. मंडळ बदलणार असेल तर मुलीचे दोन महिने बुडू शकतात. दाखल्यावरचं नाव, आडनावाचं स्पेलिंग आणि जन्मतारीख तिथेच, मुख्याध्यापकांच्या टेबलासमोर उभं राहून तपासा. दोनशे किलोमीटरवरून दुरुस्ती करून घेणं फार जिवावर येतं.

दहावी-बारावीचं वर्ष असेल तर माझं मत स्पष्ट आहे. जमत असेल तर एक जण मुलापाशी जुन्या गावी राहावा आणि घर परीक्षेनंतर हलवावं. दोन घरांचं भाडं पडतं, पण ते परवडतं.

३. माळ्यावरचा न्यायनिवाडा

आता सामान. आपल्याकडे घर भरतं ते खालून वर. आधी कपाटं भरतात, मग पलंगाखालची जागा, मग माळा. माळ्यावर काय आहे ते घरातल्या कोणालाच नक्की ठाऊक नसतं. जुन्या टीव्हीचा खोका, थर्माकोलसकट. कोणाच्या तरी बारशाचा पाळणा. झाकण हरवलेला कुकर. म्हणून निवडानिवड माळ्यापासून सुरू करावी: तिथल्या वस्तूंवर आपला जीव कमी असतो, निर्णय भराभर होतात आणि हाताला सवय लागते. देवघर, पुस्तकं आणि फोटोंचे अल्बम शेवटी घ्यावेत. सुरुवात अल्बमपासून केली तर तो रविवार गेलाच म्हणून समजा.

वस्तू बाहेर जायच्या वाटा आपल्याकडे पूर्वीपासून आहेत. रद्दी रद्दीवाल्याकडे, लोखंड भंगारात, जुने कपडे बोहारणीला, तांब्या-पितळेची भांडी वजनावर मोडीत. मोडीत घालण्याआधी पितळेचा भाव दोन दुकानांत विचारावा. एकाच गल्लीत फरक पडतो. जुनी औषधं कोणालाही देऊ नयेत. बिघडलेले चार्जर, मोबाइल आणि बॅटऱ्या ओल्या-सुक्या कचऱ्यात न टाकता ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडे द्याव्यात.

स्वयंपाकघराला वेगळा नियम लागतो: ते आवरायचं नसतं, संपवायचं असतं. मार्च-एप्रिलमध्ये नवा गहू बाजारात येतो आणि कित्येक घरांत वर्षाचं धान्य भरलं जातं. पाठोपाठ पापड, कुरडया, लोणची. मे महिन्यात घर हलवायचं असेल तर त्या वर्षी भरणी नव्या गावी. क्विंटलभर गहू ट्रकमध्ये घालून नेण्यात काहीच शहाणपण नाही. पुण्यातही गहू मिळतो. उलट दोन महिने आधीपासून डबे रिकामे होतील अशा बेताने वाणसामान आणावं. फ्रीजरमधलं, साठवणीतलं, गेल्या दिवाळीच्या भाजणीचं उरलेलं, सगळ्याला एकेक दिवस नेमून द्यावा. घरात थोडे दिवस विचित्र जेवण होतं, पण मुलं तक्रार करत नाहीत. त्यांना थालीपीठ तीनदा मिळतं.

लोणच्याची चिनी मातीची बरणी ट्रकमध्ये देऊ नये. दादरा कितीही घट्ट बांधला तरी घाटात तेल बाहेर येतं आणि एका बरणीत दहा खोक्यांची वाट लागते.

आणि आजींचे डबे. घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या वस्तूंना त्यांच्या माघारी हात लावू नये. पाटा-वरवंटा, खलबत्ता, लग्नात आलेली नाव घातलेली भांडी यांचा उपयोग आता होत नाही, हे आजींना आपल्यापेक्षा चांगलं कळतं. फक्त ती भांडी कोणाकडे जाणार हे त्यांना ठरवू द्यावं. भाचीला घंगाळ, शेजारच्या सूनबाईला मोठं पातेलं, असं त्यांनी आपल्या हाताने दिलं की बाकीच्यातलं निम्मं सामान त्या स्वतःच काढायला सांगतात. हेच काम मुलाने परस्पर उरकलं तर पुढची पाच वर्षं "माझं ते पातेलं कुठे गेलं रे?" ऐकत राहावं लागतं, आणि ते ऐकणं रास्तच आहे.

४. ट्रक केवढा लागेल?

हा प्रश्न लोक ट्रकवाल्यालाच विचारतात. खरं तर तो घरच्या घरी टेप घेऊन सोडवता येतो. लांबी, रुंदी, उंची फुटांत मोजायची आणि गुणाकार करायचा. आलं ते घनफूट.

लोखंडी कपाट साडेसहा फूट उंच, तीन फूट रुंद, दीड फुटाहून थोडं जास्त खोल: सुमारे ३१ घनफूट. अशी दोन कपाटं, ६२. डबल बेड सुटा करून आणि त्याची गादी मिळून ३५. आजींचा दिवाण गादीसकट २०. तीन जणांचा सोफा ३८. फ्रीज २२, वॉशिंग मशीन १२. टेबल, खुर्च्या, टीव्ही, चपलांचं कपाट यांना ५० धरू. पिंप, बादल्या, सायकल, गठुडी यांना ४०. राहिली खोकी. दीड फुटी चौरस खोकं ३.४ घनफुटांचं भरतं. अशी ४५ म्हणजे सुमारे १५२. एकूण ४३१.

सामान काही विटांसारखं चपखल बसत नाही, मधे फटी राहतात. त्यासाठी वीस टक्के वाढवायचे: ४३१ चे झाले ५१७.

आता गाडी. टाटा एस म्हणजे आपला छोटा हत्ती. त्याचा हौदा साधारण ७ फूट लांब आणि ५ फूट रुंद. पाच फूट उंच रचलं तरी १७५ घनफूट. एका खोलीच्या बिऱ्हाडाला तो पुरतो, आपल्या कुटुंबाला नाही. १४ फुटी ट्रक सहा फूट रुंद आणि सहा फूट उंच धरला तर ५०४ घनफूट. आपल्याला हवेत ५१७. म्हणजे जेमतेम तेरा घनफुटांसाठी १७ फुटी गाडी करायची वेळ आली.

इथे मागचा विभाग कामाला येतो. एक गंजकं कपाट आणि माळ्यावरची दहा खोकी गेली तर ४३१ मधून ६५ कमी झाले, उरले ३६६. वीस टक्के वाढवून ४३९. आता १४ फुटी ट्रकमध्ये सामान आरामात बसतं आणि दोन कुंड्याही मावतात. न लागणारी वस्तू नेण्याचं भाडं आपण भरत असतो, ते हे असं आकड्यात दिसलं की माळा लवकर रिकामा होतो.

टेप हातात आहेच, तर नव्या घराची दारं, लिफ्ट आणि जिन्याचा वळसाही मोजून घ्या. साडेसहा फुटी कपाट बहुतेक लिफ्टमध्ये उभं जात नाही. ते जिन्याने चढवावं लागतं आणि हमाल मजल्यागणिक पैसे घेतात. तेही आधी ठरलेलं बरं. दोन्ही सोसायट्यांत सामान हलवायची वेळ, लिफ्ट वापरायची मुभा आणि अनामत यांचे नियम विचारून ठेवावेत. काही ठिकाणी रविवारी परवानगीच नसते. शिवाय मोठ्या शहरांत जड वाहनांना सकाळ-संध्याकाळ काही तास बंदी असते. ट्रक संध्याकाळी साडेपाचला शहराच्या वेशीवर पोचला तर तो रात्रीच आत येतो आणि माणसं रिकाम्या घरात चटईवर बसून राहतात.

५. सही करण्याआधी बिल्टी वाचा

फोनवर सांगितलेला भाव हा भाव नव्हे. ज्या कंपनीचा माणूस घरी येऊन सामान पाहत नाही, तिचा आकडा वहीत लिहूच नये. सगळ्यात स्वस्त भाव सांगणाऱ्यांमध्ये एक ठरलेला डाव चालतो: सामान चढलं की "हे जास्त आहे" म्हणायचं, आणि पोचल्यावर वाढीव पैसे दिल्याशिवाय उतरवायचं नाही. तेव्हा तुमची गॅसची शेगडीसुद्धा त्याच्या ताब्यात असते. वस्तूंची यादी, एकूण रक्कम, मजला आणि हमाली हे सगळं लेखी घेतलं तरच या डावाला उत्तर असतं.

दोन जादा आकारण्या खास तपासा. पहिली, ई-वे बिलाचे पैसे. वापरलेल्या घरगुती सामानाला जीएसटीच्या नियमांत ई-वे बिलातून सूट आहे, त्यामुळे त्या नावाने पैसे मागितले तर नाकारावेत. जकात नाक्याचा खर्चही कोणी सांगू लागला तर हसून सोडून द्या; मुंबईतली जकातसुद्धा १ जुलै २०१७ ला संपली. दुसरी आकारणी विम्याची. पैसे विम्याचे म्हणून घेतात आणि हातात कंपनीच्या लेटरहेडवरचा कागद देतात. विमा कंपनीची पॉलिसी, तिचा क्रमांक आणि त्यावर तुमचं नाव नसेल तर तो विमा नाही.

नुकसान झालं तर काय? यासाठी २००७ चा रस्ता वाहतूक कायदा आहे. वस्तूंची किंमत जाहीर करून जास्त जोखमीचा दर भरला नसेल, तर वाहतूकदाराची भरपाई भाड्याच्या दहा पटींपर्यंतच मर्यादित राहते. भाडं २०,००० असेल तर ही मर्यादा २ लाख. साध्या घराला ती पुरते. नवा मोठा टीव्ही, शिसवी फर्निचर किंवा पियानो असेल तर पुरत नाही, तेव्हा किंमत बिल्टीवर, म्हणजे वाहतूकदार मालाची पावती देतो तिच्यावर, लिहून घ्यावी. दावा लावायचा तर बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत वाहतूकदाराला लेखी नोटीस गेलेली असावी लागते. फोनवरची भांडणं त्यात धरत नाहीत. आणि हे सगळं मिळण्यासाठी हातात बिल्टी हवी. टेम्पोवाल्याच्या डायरीतल्या पानाला काही अर्थ नाही.

दागिने, रोकड, मालमत्तेचे कागद, दाखले आणि चालू औषधं ट्रकमध्ये जात नाहीत. एका पिशवीत, घरातल्या एकाच माणसाजवळ, आणि ती पिशवी सीटखाली ठेवायची नाही.

६. खोकी

खोक्यांबद्दल थोडक्यात, कारण हे काम लोकांना येतं.

जड वस्तू लहान खोक्यात, हलकी मोठ्या. घनफूटभर पुस्तकं सतरा-अठरा किलो भरतात. दीड फुटी खोकं पुस्तकांनी गच्च भरलं तर ते साठ किलोच्या घरात जातं. एकट्या माणसाने ते जिन्यावरून नेऊ नये आणि पुठ्ठ्याचा तळही टिकत नाही. पुस्तकांना फूटभराची खोकी घ्या. काचेच्या बशा आडव्या न रचता उभ्या, मधे रद्दीचा कागद. गोधड्या, स्वेटर, टॉवेल वेगळे कशाला बांधायचे? त्यांच्यातच कपबशा गुंडाळा.

खोक्याचा क्रमांक वर लिहू नका, बाजूला लिहा. रचल्यावर वरचा भाग दिसत नाही. वहीत क्रमांकासमोर खोली आणि आतल्या चार-पाच वस्तू लिहिल्या की पुरे. ही वहीच पुढे तुटफुटीच्या वेळी यादी म्हणून उपयोगी पडते.

यंत्रांचे काही हट्ट असतात. फ्रीज आदल्या दिवशी बंद करून बर्फ वितळवून पुसावा, उभाच न्यावा आणि नव्या घरात लगेच सुरू करू नये. काही तास थांबावं. वाटेत आडवा झाला असेल तर दिवसभर थांबलेलं बरं, कारण कॉम्प्रेसरमधलं तेल जागेवर यायला वेळ लागतो. पुढून दार असलेल्या वॉशिंग मशीनला मागे लांब बोल्ट लावून त्याचा ड्रम पक्का करावा लागतो. हे बोल्ट मशीन आलं तेव्हा काढून माळ्यावर ठेवलेले असतात, आणि माळा आवरताना भंगारात जातात. आधीच शोधून ठेवा. टीव्ही पालथा घालू नये, उभा न्यावा. इन्व्हर्टरच्या बॅटरीत आम्ल असतं. ती कपड्यांच्या खोक्यांपासून लांब आणि सरळ.

एक खोकं मात्र सगळ्यांत शेवटी चढवायचं आणि सगळ्यांत आधी उतरवायचं. त्यात चहा, साखर, दुधाची पावडर, पातेलं, गाळणं, इंडक्शन शेगडी, साबण, चादरी, दोन बल्ब, स्क्रू ड्रायव्हर, एक्स्टेंशन बोर्ड. सोबत बादली, तांब्या आणि झाडू. इंडक्शन कशाला, ते पुढे येतंच.

७. माणसं पोचतात उशिरा

सामान संध्याकाळपर्यंत पोचतं. आजी आणि मुलगी यांना वेळ लागतो.

म्हातारी माणसं रात्री उठतात तेव्हा जुन्या घराच्या सवयीने चालतात. डावीकडे चार पावलांवर न्हाणीघर, हे पायांना पाठ असतं. नव्या घरात त्याच पावलांवर भिंत असते. म्हणून पहिली खोली आजींची लावावी, दिवाणखान्याआधी. पलंग शक्यतो जुन्या खोलीत होता त्याच दिशेला, रात्रभर चालणारा मंद दिवा, न्हाणीघरात पकडायला दांडी आणि वाटेत एकही खोकं नाही. नाशिकच्या डॉक्टरांकडून आजवरच्या तपासण्यांची फाइल आणि औषधांची चिठ्ठी घ्यावी, महिनाभराच्या गोळ्या सोबत असाव्यात. आणि नव्या आळीत आजींच्या वयाची बाई, मंदिर किंवा बागेतला बाक शोधून देणं ही सुनेची एकटीची जबाबदारी नाही. ते मुलाचंही काम आहे. ज्या दिवशी माणसं सामान बांधत असतील तो दिवस आजींना नातेवाइकांकडे घालवता आला तर उत्तम. घर विस्कटताना पाहणं त्यांना जड जातं.

मुलीला घर आधी दाखवून आणावं, निदान व्हिडिओ तरी दाखवावा. तिची खोली कोणती, शाळेची वाट कोणती, हे माहीत झालं की भीतीला आकार येतो आणि ती आटोक्यात राहते. एक खोकं तिचं तिने भरायचं. त्यात काय टाकलं ते पाहायचं नाही. जुन्या मैत्रिणींना निरोपाचं जेवण घालावं. "तिकडे नवीन मैत्रिणी मिळतील" हे वाक्य खरं असलं तरी निघायच्या आठवड्यात बोलू नये.

८. जोडण्या आणि पत्ते

गॅस. दुसऱ्या गावी जाताना सिलिंडर आणि रेग्युलेटर जुन्या वितरकाकडे जमा करायचे, अनामत परत घ्यायची आणि ट्रान्सफर व्हाउचर घ्यायचं. ते दाखवून नव्या गावी अनामत भरून जोडणी मिळते. भरलेलं सिलिंडर घरसामानाच्या ट्रकमध्ये कधीही घालू नये. गावातल्या गावात घर बदलत असाल तर सिलिंडर जमा करावं लागत नाही, कागद बदलून भागतं. नवी जोडणी पहिल्याच दिवशी मिळेल असं धरून चालू नये, म्हणून ती इंडक्शन शेगडी. पाइपचा गॅस असेल तर जोडणी घराची असते. मीटरचं वाचन लिहून निघायचं.

वीजही घराचीच. जुन्या घरातून निघताना आणि नव्या घरात शिरताना मीटरचा फोटो काढा, तारखेसकट. मागच्या भाडेकरूच्या एसीचं बिल कोणाच्या गळ्यात, हा वाद त्या एका फोटोने मिटतो.

पत्ता बदलायलाही क्रम आहे. नोंदणी झालेल्या भाडेकरारावर आधी घरातल्या एका मोठ्या माणसाचं आधार बदलून घ्यावं. मग बाकीच्यांना कुटुंबप्रमुखाच्या संमतीने, नात्याचा पुरावा देऊन पत्ता बदलता येतो. करारावर आजींचं नाव नसतं, त्यांना हीच वाट सोपी. आधार झालं की बँका, विमा, आजींचं पेन्शन. गाडीच्या नोंदणीवरचा पत्ता ३० दिवसांत कळवावा लागतो. राज्य तेच असल्याने एमएच-१५ चा क्रमांक बदलत नाही. दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून जास्त गाडी ठेवायची असेल तर मात्र तिथे नव्याने नोंदणी लागते.

या यादीत सगळ्यांत जास्त विसरलं जातं ते मतदार यादीतलं नाव. त्यासाठी नमुना ८ भरायचा, मतदारसंघ बदलला असला तरी तोच. लोक निवडणूक जाहीर झाल्यावर जागे होतात. उमेदवारी अर्ज भरायची शेवटची तारीख उलटली की त्या निवडणुकीपुरते यादीत बदल होत नाहीत, आणि मग पुण्यात राहून मतदानाला नाशिकची एसटी पकडावी लागते.